पात्राच्या मनातले वाक्य तिरपे करावे का?

अनेक लेखकांनी मिळून लिहिलेल्या आणि अनेक अनुवादकांनी वाटून घेतलेल्या एका दीर्घ इंग्रजी कथामालेचे मराठी संपादन सध्या माझ्याकडे आहे. पहिली तीन प्रकरणे एकापुढे एक ठेवून वाचली, तेव्हा नायिका पहिल्या प्रकरणात तिरप्या अक्षरांत, दुसऱ्यात एकेरी अवतरणचिन्हांत आणि तिसऱ्यात चक्क कंसात विचार करताना आढळली. तिघाही अनुवादकांचे मराठी चांगले होते. मनातले बोलणे कसे दाखवायचे, हे आधी कोणी ठरवलेच नव्हते.

तिरपी अक्षरे मूळ इंग्रजीतून आली होती. रोमन लिपीत हा तिरपा ठसा, म्हणजे इटॅलिक, १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या मुद्रकाने वापरला, तोही अख्ख्या पुस्तकाचा मजकूर छापण्यासाठी. जोर देणे किंवा विचार दाखवणे ही कामे त्याच्याकडे पुढे आली. रोमन इटॅलिकला स्वतःचे वळण आहे. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत असा वेगळा ठसा नसतोच, त्यामुळे पडद्यावर दिसते ते सरळ अक्षर यंत्राने एका बाजूला ढकललेले असते. काने कलतात, वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर रेलतात, आणि एवढे होऊनही शिरोरेषा आडवीच राहत असल्यामुळे ओळीकडे पाहून फरक चटकन कळत नाही. चार ओळींचे स्वगत अशा अक्षरांत वाचणे डोळ्यांना जाचक होते.

म्हणून मी एक घाईचा उपाय केला, आणि तो अंगाशी आला. सगळी तिरपी अक्षरे एका आज्ञेत एकेरी अवतरणांत बदलून टाकली. मूळ इंग्रजी कथेत तिरपा ठसा विचारासाठी होता तसाच जोर देण्यासाठीही होता, हे त्या क्षणी लक्षात राहिले नाही. ‘तो तुझा मित्र आहे, माझा नव्हे’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘तुझा’ हा शब्द अवतरणांत जाऊन बसला आणि साध्या तक्रारीचा टोमणा झाला. असे शब्द हाताने निवडून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ते निवडताना दिसले की बऱ्याच ठिकाणी मराठीला कोणत्याही खुणेची गरजच नव्हती. दार बंद केल्याची खात्री स्वतःला पटवणाऱ्या नायिकेच्या तोंडी मुळात ‘डिड’ हा शब्द तिरपा होता; मराठीत ‘कुलूप मी लावलं होतंच’ एवढे पुरले. जोर ‘च’ने उचलला.

विचारांचेही तसेच आहे. ‘तिला वाटले, ती चुकली’ असे लिहिले तर वाचक दुसरीच कोणी बाई शोधू लागतो. ‘तिला वाटले, आपण चुकलो’ म्हटले की चूक कोणाची आणि विचार कोणाचा, याबद्दल शंका उरत नाही. हा ‘आपण’ इंग्रजीकडे नाही, म्हणून तिला ठसा बदलावा लागतो. दुसरी सोय लेखनातली. निवेदन ‘केले, गेले, वाटले’ असे चालू असताना मधेच ‘कशाला आले मी इथं, काय मिळवलं?’ असे वाक्य आले की ‘इथं’ आणि ‘मिळवलं’ यांवरच्या अनुस्वारांनीच आवाज बदलल्याचे कळते. पात्रांच्या बोलण्यात असे लिहिण्याची मुभा प्रमाणलेखनाच्या नियमांतही आहे. मात्र निवेदनच बोलीत असेल तर ही खूण हातची जाते, आणि आमच्या एका अनुवादिकेने तिची दोन्ही प्रकरणे तशीच लिहिली आहेत. (ती मला आवडतात, म्हणून मी त्यांना हात लावलेला नाही.)

आता आम्ही ठरवले आहे ते असे: ‘वाटले’, ‘मनात आले’ असे क्रियापद सोबत असेल तर स्वल्पविराम पुरे, क्रियापद नसलेले पण पात्राच्याच शब्दांतले पूर्ण वाक्य एकेरी अवतरणांत, उच्चारलेले बोलणे दुहेरी अवतरणांत. एका पात्राच्या मनात दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो, असे प्रसंग या कथेत बरेच आहेत. तो विचारही नव्हे आणि संवादही नव्हे, म्हणून त्यासाठी ओळीच्या आरंभी लांब रेघ राखून ठेवली आहे. ठळक अक्षरे सुचवणाऱ्यांना मी नकार दिला, कारण ती कुजबुजीलाही आरोळी करतात. आणखी एक व्यावहारिक सूचना द्यावी लागली. सामायिक मसुदा विकीवर, म्हणजे सगळ्यांना संपादन करता येणाऱ्या संकेतस्थळावर, असल्यामुळे, कोणी दुहेरी अवतरणाऐवजी सरळ एकेरी चिन्ह दोनदा टंकले की ती तिरप्या ठशाची आज्ञा ठरते. चिन्हे गायब होतात आणि अख्खा संवाद कलतो.

वाद उरला तो एका जागेचा. नायिका परत येते, तेव्हा दार उघडे असते. मुळात पुढचे छोटे वाक्य निवेदकाचे की तिचे, हे मुद्दाम सांगितलेले नाही. अनुवादकाने ते अवतरणांत घातले होते. मी चिन्हे काढली, त्याने परत घातली, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तो राजी झाला. आता तिथे एवढेच आहे: दार उघडे होते. असणारच.