पद्मिनीची नवी रबरे

वडिलांच्या 1984 सालच्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा आणि रंग नव्याने करून घेतल्यानंतर सर्वाधिक वेळ खाल्ला तो रबरांनी. पुढच्या-मागच्या काचा, चार दारे आणि डिकी यांची मूळ रबरे इतकी वाळली होती की बोटाने दाबताच त्यांचे तुकडे पडत. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतील ओझोन सोसत नाही. जिथे ते ताणलेले असते तिथे आधी बारीक भेगा पडतात, आणि मग मुंबईच्या पावसाचे पाणी त्यांतून पायाखालच्या पत्र्यापर्यंत पोहोचून गालिच्याखाली गंज धरतो.

जुन्या साठ्यातील 'ओरिजिनल' रबराचा मोह मी मुद्दाम टाळला, कारण दुकानाच्या फडताळावर पडून राहिलेले रबरही म्हातारे होतच असते. त्यापेक्षा नव्याने तयार केलेले ईपीडीएम हे कृत्रिम रबर मला अधिक भरवशाचे वाटते. ते ऊन-पाऊस उत्तम सोसते, परंतु पेट्रोल आणि खनिज तेलाने फुगते. म्हणून बसवताना ग्रीस किंवा ऑइल न लावता साबणाचे पाणीच वापरावे.

दाराच्या पहिल्याच रबरात माझी चूक झाली. कोपऱ्यावर चुणी पडू नये म्हणून मी ते किंचित ताणून चिकटवले. ताणलेले रबर हळूहळू मूळ लांबीवर येते, आणि महिनाभरात वरच्या कोपऱ्यात पत्रा उघडा पडला. दुसऱ्या खेपेस रबर बोटभर जास्त ठेवले, ते आत दाबत दाबत बसवले आणि सांधा दाराच्या खालच्या बाजूस आणला. त्याआधी रबर चिकटवण्याचे जुने सोल्युशन पूर्ण खरवडून काढले आणि रबर न चिकटवता, जागोजागी चिकटपट्टीने धरून दार लावून पाहिले. नवे रबर जाड असल्याने दार जोराने आपटावे लागत होते. अशा वेळी रबर कापण्याऐवजी आधी बिजागरी आणि लॉकचा खटका तपासावा, असे माझे ठाम मत झाले आहे. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली की ती जिथे सहज सुटते तिथे फट आहे, हे लगेच कळते.

पुढच्या काचेला दोन माणसे हवीतच. आधी काचेभोवती रबर चढवले, पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत नायलॉनची दोरी सर्वत्र फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या बाजूने गाडीच्या आत सोडली. मित्र बाहेरून तळव्याने काच दाबत होता आणि मी आतून दोरी सावकाश ओढत होतो, तशी रबराची कड पत्र्यावरून आत येऊन बसत गेली. कोपऱ्यावर दोरी अडली की झटका द्यायचा नाही. साबणाचे पाणी सोडून थांबायचे, नाहीतर कड फाटते.

एवढे करूनही दाराच्या काचेलगत थोडे पाणी आत उतरतेच, आणि ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. रंगाने बुजलेली ती भोके तारेने मोकळी केली, तेव्हा एका दारातून मूठभर गंजाचा चुरा निघाला.