तीन माशांचा शूक्रूत

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात गेल्यावर तिथला शूक्रूत खायचाच, असे आम्ही पतीपत्नींनी ठरवले होते. अडचण एवढीच होती, की आंबवलेल्या कोबीच्या या पदार्थावर परंपरेने डुकराचे मांस आणि सॉसेज रचलेले असतात, आणि आम्ही मालवणकडचे. मासे रोजचे असले तरी डुकराचे मांस आमच्या घरात कधी आलेले नाही. स्ट्रासबर्गच्या मेझों कामरझेल या रेस्टॉरंटमध्ये तीन माशांचा शूक्रूत मिळतो, असे कळल्यावर आठवडाभर आधीच दुपारचे टेबल राखून ठेवले.

कॅथीड्रलच्या चौकातली ही वास्तू 15व्या शतकातली आहे. तळमजला दगडी आहे आणि त्यावरचे कोरीव लाकडी मजले 1589 मध्ये मार्टिन ब्राउन या चीजच्या व्यापाऱ्याने उभारले. ते कोरीव काम पाहण्यासाठी तरी वेळेआधी अर्धा तास पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन. आतल्या भिंतींवर लेओ श्नुग यांची चित्रे आहेत.

कोबी परंपरेने हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवतात, हे ठाऊक असल्याने मी ऑर्डर देण्यापूर्वीच त्याविषयी विचारले. वेटरने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वयंपाकघरात विचारून आल्यावरच ऑर्डर लिहून घेतली. बाटलीबंद पाणी नको असेल, तर ‘कराफ दो’ म्हणून साधे पाणी मागता येते. त्याचे पैसे पडत नाहीत.

थोड्या वेळाने वाफाळणाऱ्या कोबीवर सॅमन, धुरावलेला हॅडॉक आणि तिसरा एक पांढरा मासा आला, सोबत लोण्याचा सॉस होता. बारीक चिरलेला कोबी मीठ लावून आठवडेच्या आठवडे स्वतःच्याच पाण्यात आंबू देतात आणि मग पांढऱ्या वाइनमध्ये जुनिपर या सदाहरित झुडपाची उग्र वासाची फळे घालून शिजवतात. त्यामुळे त्याचा आंबटपणा व्हिनेगरसारखा जिभेला झोंबत नाही. पहिल्या घासालाच पत्नी म्हणाली, “अहो, माशाला आंबट लागतंच की! आपलं कोकम, यांचा कोबी.” मला मात्र जुनिपरच्या उग्र वासाने बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ आठवले. धुरावलेला हॅडॉक नुसता खारट वाटला, पण कोबीबरोबर खाल्ल्यावर तोच सर्वांत अधिक आवडला.

मासे संपले तरी कोबी उरला होता. तो आम्ही पावाबरोबर सावकाश संपवला. मागितल्याशिवाय बिल कोणी आणत नाही, म्हणून उठायची घाई नव्हती.