शिराजमधली मिरी

रविवार, रात्री उशिरा

आज ताईबरोबर वायनरीत जाऊन आले. झोप आलीये पण आत्ताच लिहून काढते, उद्या कामाच्या गडबडीत अर्धं निसटून जाईल आणि यातलं काहीच निसटू द्यायचं नाहीये मला.

खरं तर मला जायचंच नव्हतं. एका तापात मला वास येणं बंद झालं त्याला आता अकरा महिने होतील. पहिले पाच महिने तर नाक म्हणजे नुसतं श्वास घ्यायचं भोक, मग वास यायला लागले तेही वाकडेतिकडे, कॉफीला जळक्या रबराचा वास आणि साबणाला काहीतरी सडल्यासारखा. मग डॉक्टरांनी चार बाटल्यांचा व्यायाम सांगितला, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास आठवत आठवत हुंगायचा. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल म्हणून संशोधक आहेत त्यांच्या टीमने २००९ मध्ये यावरचा अभ्यास छापला, त्यात लोकांनी हे बारा आठवडे केलं होतं, मी त्याच्या दुपटीहून जास्त केलंय आणि अजून सोडलेलं नाही. लिंबू बऱ्यापैकी परत आलंय, लवंग येते-जाते, गुलाबाचं अजून काही खरं नाही.

तर असं नाक घेऊन वाइन टेस्टिंगला कोण जातं? ताईला म्हणलं पण, अगं मला कळणार काय त्यातलं. ती म्हणाली, "न कळलं तर न कळलं सांग, तिथे काय परीक्षा आहे का? गाडी मी चालवते, तू नुसती बस." आणि गेलो.

पोचल्यावर आधी बागेत नेलं. वायनरीच्या मॅडम स्वतःच वाइनमेकर आहेत, त्याच दाखवत होत्या. काढणी चालू होती, माणसं घड कापून क्रेटमध्ये टाकत होती. मॅडमनी एक काळाभोर मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या दाबा. दाबला तर आतून बुळकन आला तो गर अगदी पाण्याच्या रंगाचा! काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लाल वाइनचा रंग जवळजवळ सगळा सालीतून येतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात, काळ्या द्राक्षांचा रस लगेच काढून घेतला तर त्याचीसुद्धा पांढरी वाइन होते. मग म्हणाल्या आता साल चावा, मग बी चावा. साल चावल्यावर जिभेवर आणि हिरड्यांवर जो कोरडेपणा आला ना, कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड ओढल्यासारखं होतं तसा, ते टॅनिन. बी अजून तुरट. बी हिरवी असली तर कच्ची, तपकिरी होऊन कुडकुडीत वाजायला लागली की बाग तयार, मशीन काहीही सांगो त्या रोज बिया चावून बघतात. मशीन पण दाखवलं, छोटी दुर्बीण असते तसं, काचेवर रसाचा एक थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून बघितलं, २३ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण २३ ग्रॅम साखर. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे हा रस पूर्ण आंबला तर तेराच्या आसपास जाणार.

हे सगळं मला फार आवडलं कारण यात नाकाचं काम नव्हतं. तुरट, आंबट, गोड हे माझं कधी गेलंच नव्हतं.

आत टाक्यांच्या खोलीत गेलो तर एका उघड्या टाकीत लाल वाइन आंबत होती. खालून गॅस येतो तसा सालींचा जाड थर वर तरंगतो, कडक झालेला, एक मुलगा फळीवर उभा राहून लांब दांड्याने तो थर दाबून परत रसात बुडवत होता. तसं दिवसातून दोन-तीनदा करावं लागतं नाहीतर वरच्या साली सुकतात, रंगही उतरत नाही. मी वाकून बघायला गेले तर मॅडमनी दंड धरून मागे ओढलं, तो कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड, टाकीच्या तोंडाशी साचून राहतो, त्यात माणसं चक्कर येऊन टाकीत पडून मेलीयेत. तेवढ्यात नाकात सणकन झिणझिण्या आल्याच होत्या. ती झिणझिण तर मला त्या पाच महिन्यांतही कळायची, कारण ती वासाच्या नसेची नसते, चेहऱ्याची वेगळी नस असते तिची असते. पुदिन्याचा गारवा कळायचा पण पुदिना कळायचा नाही. हे कोणाला सांगितलं की लोकांना वाटायचं मी काहीतरीच बोलतेय.

मग बॅरलची खोली, थंडगार आणि अंधारी. एका बॅरलमध्ये २२५ लिटर मावतं म्हणजे बरोब्बर ३०० बाटल्या. लाकडातून थोडी थोडी वाइन उडून जाते म्हणून वरून भरत राहावं लागतं. ताई म्हणाली व्हॅनिलाचा वास येतोय का गं, आणि मला काहीच आला नाही, नुसता गारवा आला. ओकच्या लाकडातच व्हॅनिलिन असतं, आतून भाजलं की अजून तयार होतं. मी गप्प राहिले.

आणि मग टेस्टिंग. टेबलावर पाच ग्लास, एक थुंकायचं भांडं (ताई गाडी चालवणार म्हणून ती प्रत्येक घोट थुंकत होती, तिथे सगळेच थुंकतात, कोणाला काही वाटत नाही) आणि भिंतीवर एक मोठं रंगीत चक्र. ते कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी ऐंशीच्या दशकात तयार केलेलं वासांचं चक्र. त्यात "सुंदर", "भारदस्त" असले शब्द नाहीत, सगळी वस्तूंची नावं, लिंबू, मध, ढोबळी मिरची, लवंग, ओला पुठ्ठा, ओलं कुत्रंसुद्धा! कोणीही तीच वस्तू हुंगून पडताळून बघू शकतं. मी रोज चार बाटल्यांशी जे करते तेच हे, फक्त मोठं. एकदम बरं वाटलं मला.

मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, नाक चिमटीत घट्ट धरा आणि सोव्हिन्यों ब्लांचा, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा, एक घोट घ्या, गिळू नका. घेतला. आंबट, गार, शेवटी जराशी कडसर, बस. "आता नाक सोडा आणि गिळा." ताईचे डोळे एवढे मोठे झाले, "अगं बाई, हे कुठून आलं!" तोंडातला वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात जातो, आपण ज्याला चव चव म्हणतो त्यातलं बरंचसं ते असतं. मॅडम ताईला हे समजावून सांगत होत्या आणि मी तशीच बसले होते. कारण ते नाक दाबलेलं होतं ना, ते माझं रोजचं जेवण होतं पाच महिने. घरात कोणाला मी समजावूच शकले नव्हते, "सर्दी झाल्यावर होतं तसंच ना" म्हणायचे सगळे. आज ताईने अर्धं मिनिट नाक धरलं आणि तिला कळलं. तिने काही म्हणलं नाही, टेबलाखालून माझा हात धरला.

आणि मी नाक सोडलं तेव्हा मलाही आलं. सगळं नाही, पण हिरवं काहीतरी, ओरबाडून काढलेल्या गवतासारखं, आणि त्याच्या मागे लिंबू. लिंबू अगदी ओळखीचं, माझ्या बाटलीतलं. मी ते मोठ्याने बोलले आणि मॅडम म्हणाल्या गवत बरोबर आहे, या द्राक्षात पायराझिन नावाचा घटक असतो, ढोबळी मिरचीत असतो तोच. काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षातही असतो, कारण ते सोव्हिन्यों ब्लांचंच लेकरू आहे, काबर्ने फ्रां नावाच्या दुसऱ्या काळ्या जातीबरोबरचं, हे डेव्हिसमध्येच डीएनए तपासून १९९७ मध्ये कळलं.

रोझेचं, म्हणजे गुलाबी वाइनचं, विशेष काही नाही, छान गार होती.

मग काबर्ने सोव्हिन्योंची लाल वाइन. मॅडमनी बूच काढलं, माझ्या ग्लासात थोडी ओतली आणि दुसरीकडे वळल्या. मी हुंगलं आणि पटकन तोंडातून गेलं, "ओला पुठ्ठा." पावसात भिजलेला खोका घरात आणून ठेवल्यावर येतो तो वास. लगेच वाटलं झालं, परत नाक वाकडं चालायला लागलं, साबणासारखंच. मॅडमनी माझाच ग्लास उचलून नाकाला लावला, बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्या आधी पकडलंत. ही बाटली खराब आहे." बुचात कधीकधी टीसीए नावाचं रसायन तयार होतं, बुरशीमुळे, १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी ते शोधून काढलं. लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम असलं तरी वाइन गेली. त्याने वाइनला नुसता घाण वास येत नाही, आपलं नाकच बधिर होतं, म्हणून फळाचे वास पण गायब होतात. नवीन बाटली उघडली, दोन्ही शेजारी ठेवून हुंगलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला एक वास आला जो घाण होता आणि तो खरंच घाण होता! मला रडू आलं, तिथेच, ग्लास हातात धरून.

शेवटची शिराज, तीही काळ्या द्राक्षाची लाल वाइन. ताईने हुंगलं आणि म्हणाली मिरी, ताजी कुटलेली, एकदम ठसठशीत. मी हुंगलं, परत हुंगलं, ग्लास फिरवून हुंगलं. मनुका आल्या, गडद काहीतरी आलं, मिरीचा पत्ता नाही. मगाशीच रडून झालं होतं त्यामुळे आता काय चेहरा करावा कळेना. मी सरळ सांगितलं, मला मिरी येत नाहीये आणि माझा वास गेलेला आहे. मॅडम खुर्ची ओढून बसल्याच समोर. म्हणाल्या हा वास रोटुंडोन नावाच्या रेणूचा, काळ्या मिरीतही तोच, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं, आणि त्यांना असं दिसलं की पाचातल्या साधारण एका माणसाला तो येतच नाही, ठणठणीत नाक असलेल्या माणसाला. आपल्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात आणि प्रत्येकाचा संच थोडा वेगळा. "तुमचं आजारामुळे आहे का जन्मापासून, हे मी नाही सांगू शकत."

मी विचारलं घरी जाऊन मिरी कुटून बघू का. तर म्हणाल्या त्याने नाही कळणार, मिरीत बाकीचेही बरेच वास असतात, ते येतील आणि वाटेल आली मिरी.

गाडीत मी आठवून बघत होते, आजाराआधी कधी शिराज प्यायले होते का. नाही बहुतेक. म्हणजे कायमचं गेलं का कधी नव्हतंच, हे मला कधीच कळणार नाही कदाचित. ताईला हे बोलून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "मला पण काय काय येत नसेल, मला कुठे माहितीये." गुलाबाची बाटली उद्या तिच्या घरी नेऊन तिला हुंगायला द्यायची ठरलंय, आपण दोघी काय काय लिहितो बघू म्हणाली.

येताना शिराजचीच एक बाटली आणली. मघाशी अर्धा ग्लास घेतला, वहीत लिहिलं: मनुका, तुरट, ओकचा धूर थोडासा, मिरी नाही. धूर वायनरीत आला नव्हता. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीये, उद्या संध्याकाळी बाहेर काढून जरा कोमट होऊ देणार आणि परत हुंगणार. आता चार बाटल्या राहिल्यात, त्या करून झोपते.