खोक्यातला कूलर, 12 कोरचा प्रोसेसर आणि 100 डिग्री

नवीन पीसी जोडायचा ठरला तेव्हा सगळ्यात जास्त डोकं मी प्रोसेसरवर खाजवलं आणि सगळ्यात कमी कूलरवर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या फॅन-हीटसिंकवर, कारण कूलर प्रोसेसरच्या खोक्यातच होता. कंपनीने स्वतःच्याच प्रोसेसरसोबत दिलाय म्हणजे पुरेल असाच दिला असेल ना, असं साधं गणित. प्रोसेसर 12 कोर 20 थ्रेडवाला, खोक्यावर 65 वॅट छापलेलं, म्हटलं 65 वॅट म्हणजे किती, जुन्या पिवळ्या बल्बएवढं, त्याला कशाला हवाय मोठा कूलर.

पहिल्या रात्री सगळं जोडलं, विंडोज टाकलं, तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो उघडलं तर काहीच काम चालू नसताना 52 डिग्री. थोडं जास्त वाटलं पण म्हटलं ठीक आहे, नवीन आहे. मग सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवून बघणारा प्रोग्रॅम, चालू केलं आणि चार-पाच सेकंदांत आकडा 100 वर जाऊन चिकटला. फॅन 3000 आरपीएमच्या वर गेला, आतल्या खोलीतून बायको ओरडली, "कसला आवाज येतोय रे?" मी घाबरून प्रोग्रॅम बंद केला, तर फॅन शांत व्हायलाही बराच वेळ गेला.

मित्राला फोन लावला, तो अशी कामं बरीच वर्षं करतोय. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चारही पिना बसल्यात का?" म्हणजे कूलर मदरबोर्डाला धरून ठेवणाऱ्या पिना. म्हटलं बसल्यात की, हलवून बघितलंय. तो म्हणाला, "हलवून काय कळतंय, बोर्डाच्या मागून बघ." ते बघायला बोर्ड अर्धा बाहेर काढावा लागला. तीन भोकांतून पांढऱ्या पिनेच्या पोटातून काळी दांडी पूर्ण बाहेर आलेली आणि चौथ्यात नुसतीच पांढरी टोकं दिसत होती. म्हणजे एक कोपरा अधांतरी.

कूलर काढला तर पेस्टवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणाऱ्या थर्मल पेस्टवर, सगळं स्पष्ट दिसत होतं. खोक्यातल्या कूलरला खाली राखाडी पेस्टच्या तीन पट्ट्या आधीच लावलेल्या असतात. ज्या बाजूची पिन बसली नव्हती तिथे पट्टी जशीच्या तशी जाड, तिच्या कडासुद्धा शाबूत, आणि समोरच्या बाजूला मात्र दाबून इतकी पातळ झालेली की खालचा धातू दिसत होता. आता एकदा कूलर उचलला की ती पेस्ट परत वापरायची नसते, आत हवा अडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडचं पुसलं, मधोमध नवीन पेस्ट टाकली, आणि या वेळी पिना आधी त्यांच्यावरच्या बाणाच्या उलट दिशेला शेवटपर्यंत फिरवून, समोरासमोरच्या दोन एकदम अशा तिरप्या जोड्यांनी दाबल्या. कट्ट असा आवाज येतो, आणि तेवढा जोर लावताना बोर्ड वाकतोय की काय असं वाटून पोटात गोळा येतो, पण तेवढा जोर लागतोच.

निवांत असतानाचं तापमान 36 वर आलं. मी खूश. सिनेबेंच लावलं तर परत 100, फक्त या वेळी पोहोचायला वीसेक सेकंद लागले.

आता मात्र कूलरच बेकार आहे असं ठरवून मी मोठे कूलर बघायला लागलो होतो, पण मित्र म्हणाला आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पॉवर लिमिट बघ, प्रोसेसरला किती वीज खाऊ द्यायची ती मर्यादा. बघितलं तर पीएल1 (कायमची मर्यादा) आणि पीएल2 (थोड्या वेळाची मर्यादा) दोन्हीपुढे 4096 वॅट! एवढी वीज घरातल्या सगळ्या वस्तू मिळून खात नसतील. मग आठवलं, पहिल्यांदा बूट झालं तेव्हा बोर्डाने कोणता कूलर लावलाय असं विचारलं होतं, बॉक्स कूलर (खोक्यातला), टॉवर (उंच हीटसिंकवाला) का वॉटर, आणि मी नवीन मशीन बघायच्या घाईत न वाचता एंटर मारलेलं. वॉटर कूलर सिलेक्ट झाला होता. म्हणजे बोर्डाला वाटतंय वर पाण्याचा कूलर आहे, तो म्हणतोय घे हवी तेवढी वीज, आणि बिचारा छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक शंभर-सव्वाशे वॅट कसेबसे बाहेर टाकतोय.

इथे मला ते 65 वॅट कळलं. तो आकडा प्रोसेसरने जास्तीत जास्त किती खावं याचा नाहीच, तो बेसचा आहे, म्हणजे सगळे कोर बराच वेळ राबत असताना बेस स्पीड धरून तो एवढ्यात भागवतो. टर्बोत, म्हणजे बेसपेक्षा जास्त स्पीडने पळताना, हाच प्रोसेसर 180 वॅटपर्यंत जातो, हे त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेलं असतं, फक्त खोक्यावरचं आपण वाचतो आणि ते वाचत नाही. नियमाप्रमाणे पीएल2 म्हणजे 180 वॅट थोडा वेळ, माझ्याकडे 28 सेकंद, आणि मग पीएल1 म्हणजे 65 वर उतरायचं. खोक्यातला कूलर या हिशोबाने दिलेला असतो. लिमिट उघडी ठेवली की 100 ला पोहोचून प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याने तो जळत वगैरे नाही, ती सोय त्याला वाचवायलाच केलेली असते, पण सतत शंभरावर आणि सतत तो आवाज, असं कोण वापरणार.

मग दोन दिवस मी एकच रेंडर (प्रोसेसरला बराच वेळ राबवणारं चित्र तयार करायचं काम) वेगवेगळ्या लिमिटवर चालवत बसलो (ऑफिसचं काम बाजूला ठेवून, हे लिहायला नको खरं तर). लिमिट उघडी असताना 31 मिनिटं लागली, तापमान 100, आवाज असह्य. 65 वॅटला 39 मिनिटं, पण तापमान 67-68 आणि फॅन आहे हे विसरायला होतं. 95 वॅटला 33 मिनिटं, 85 डिग्री, आवाज ऐकू येतो पण चालतो. म्हणजे 31 आणि 33 मध्ये फक्त दोन मिनिटांचा फरक, आणि त्या दोन मिनिटांसाठी मी एवढा थयथयाट करत होतो! 95 वर ठेवून दिलं. गेम खेळताना तर प्रोसेसर 60-70 वॅटच्या वर क्वचित जायचा, तिथे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, त्यामुळे गेमसाठी कोणी विचारलं तर मी बिनधास्त सांगतो की असा 65 वॅटवाला असेल तर खोक्यातला लाव आणि खेळ. फक्त कॅबिनेटला पुढून हवा मिळते ना ते बघा, माझ्याकडे नुसतं साइड पॅनल काढल्यावर सहा डिग्री कमी झाले म्हणजे आतली गरम हवाच परत परत फिरत होती, मग पुढे एक फॅन वाढवला.

एक त्रास मात्र उरला, फॅनचं ते वर-खाली. ब्राउझर उघडला की एक सेकंद व्हूंऽऽ, मग गप्प, परत काहीतरी क्लिक केलं की व्हूंऽऽ. तापमान क्षणभर उडी मारतं आणि फॅन लगेच तिच्या मागे धावतो. बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये स्पीड वाढायला तीन सेकंद उशीर होईल असं केलं आणि 60 डिग्रीपर्यंत फॅनचा स्पीड एकसारखा ठेवला, प्रश्न मिटला.

हे सगळ्याच प्रोसेसरना लागू नाही हे पण सांगतो. इंटेलच्या अनलॉक्ड के मॉडेलमध्ये 2015 च्या 6700के पासून कूलर मिळेनासा झाला, एएमडीच्या 5900एक्समध्ये पण नसतो, तिथे प्रश्नच मिटला, विकतच घ्यायचा. उलट त्याच एएमडीने 2019 मध्ये 3900एक्ससोबत रेथ प्रिझम नावाचा कूलर दिला होता, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या चार नळ्या (हीटपाइप) असलेला, आणि तो प्रोसेसर 105 वॅट टीडीपीचा (खोक्यावर छापतात तो आकडा), 142 पर्यंत खाणारा. त्यामुळे "स्टॉक कूलर" म्हणजे सगळे एकच असं नाही, कुठल्या खोक्यातला ते बघावं लागतं.

सात-आठ महिने मजेत गेले. मग मी व्हिडिओसाठी आवाज रेकॉर्ड करायला लागलो, तेही मागे एक्सपोर्ट चालू ठेवून, आणि माइकमध्ये तो फॅन येऊ लागला. शेवटी टॉवर कूलर घेतला. तो बसवताना मेटलच्या प्लेटा, स्क्रू, पिनांचं नाव नाही, काय सुख. त्याच्या तळावरची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म मात्र मी पेस्ट लावल्यावर, कूलर खाली टेकवायच्या क्षणी बघितली, अजून एक सेकंद आणि सगळं परत काढावं लागलं असतं. रॅमच्या उंच पट्ट्यांमुळे फॅन थोडा वर सरकवून लावावा लागला, आणि एक गोष्ट लक्षात आली की खोक्यातला कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यात प्रोसेसरशेजारचे, त्याला वीज पुरवणारे व्हीआरएमही गार होतात, टॉवरची हवा आडवी जाते, म्हणून कॅबिनेटचा मागचा फॅन बंद ठेवून चालत नाही.

नवीन कूलरवर 180 वॅट पूर्ण सोडून तेच रेंडर लावलं, 27 मिनिटं. मग 125 वर लावलं, 30 मिनिटं. तीन मिनिटांसाठी 55 वॅट जास्त, आणि वर फॅनचा आवाज परत माइकमध्ये. आता 125 वरच आहे. जुना कूलर नवीन पेस्ट लावून भाच्याच्या सहा कोरच्या पीसीत बसवला, त्याच्याकडे गेम खेळताना पण तापमान साठीच्या वर जात नाही. पिना मागून बघूनच दिला.