कॅसल रॉक घाटाची खास गाडी: नियोजन कुठवर आलं

कर्नाटकातून गोव्यात उतरणारा रेल्वेघाट खिडकीतून पाहायला आम्ही अख्खी गाडी आरक्षित करून सहल काढतोय. तिचा मार्ग ठरला: पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा–कॅसल रॉक–कुळे, आणि त्याच वाटेने परत. मालवाहतुकीच्या देखण्या मार्गांची यादी मोठी होती, पण पहिल्याच चाळणीत निम्मी गळाली. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे मार्गावर प्रवासी न्यायचे तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीनंतरची मंजुरी लागते. निव्वळ मालगाड्यांच्या सायडिंगला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फाट्यांना, ती नसते. त्यामुळे लोणीच्या तेल डेपोंच्या सायडिंग किंवा जासईकडून बंदरात शिरणारे फाटे नकाशावर कितीही खुणावले तरी बाद. मालगाड्यांचा जोर आहे, पण प्रवासी गाड्याही धावतात, असाच मार्ग शोधावा लागतो. कॅसल रॉक–कुळे त्यात चपखल बसतो. एकेरी मार्ग, 37 मध्ये 1 चढ (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), एकामागून एक बोगदे, आणि मुरगाव बंदरातून कर्नाटकात जाणारा कोळसा.

या सहलीत सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे घाटातले दिवसाउजेडीचे दोन तास. पैसे त्यानंतर. म्हणून वेळापत्रक पुण्याहून पुढे न मांडता कॅसल रॉकहून मागे मांडलं. सकाळी नऊला घाट उतरायला लागायचं. पुणे ते कॅसल रॉक अंतर साधारण 500 किलोमीटर, थांबे धरून सरासरी 45 चा वेग, म्हणजे अकरा तास. त्यात एक तास राखीव. पुण्याहून रात्री नऊला निघणं आलं, आणि नेमकी त्याच सुमारास पुणे स्टेशनला प्लॅटफॉर्मची मारामार असते. ‘मग हडपसरहून काढा’ ही सूचना हमखास येते. पण मिरजेचा मार्ग घोरपडीलाच फुटतो आणि हडपसर दौंडच्या मार्गावर आहे. तिथून निघायचं तर इंजिन फिरवण्यात वेळ जाणार. त्यापेक्षा पुण्याहूनच, पण उशिराची वेळ मागायची आणि राखीव तासातला थोडा वेळ तिथे खर्चायचा, असं ठरलं.

पूर्ण गाडी घ्यायची तर आयआरसीटीसीमार्फत एफटीआर, म्हणजे पूर्ण दराने आरक्षण. अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते तीस दिवस आधी. अनामत डब्यामागे 50,000 रुपये, सात दिवसांपर्यंतच्या प्रवासाला. गाडी किमान 18 डब्यांची धरतात, त्यात दोन्ही टोकांचे एसएलआर (गार्ड आणि सामानाचे) किंवा जनरेटर डबे आले. म्हणजे 9 लाख रुपये सुरुवातीलाच अडकले. डबे कमी मागितले तरी अनामत 18 चीच. भाडं वेगळं, आणि ते डबा भरलाय असं धरूनच. दोन-तीन डबे नेहमीच्या गाडीला जोडले तर स्वस्त पडतं, पण मग घाट कधी लागणार हे त्या गाडीच्या वेळेवर. आमच्या मते अंधारात घाट उतरण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

आसनांचा हिशेब इथे बहुतेकांचा चुकतो. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या, स्लीपर डब्यात 80 बर्थ, म्हणजे आठ-आठचे दहा कप्पे. दिवसा बसल्यावर एका कप्प्यात खिडकीला चारच जण लागतात, दोन मुख्य बाजूला, दोन साइडला. म्हणजे डब्यात 40. उरलेल्या 40 जणांना ‘घाट दाखवतो’ म्हणून नेलं तर भांडणं होणारच. सोळा प्रवासी डब्यांत 640 जणच घ्यायचे आणि रिकाम्या बर्थचे पैसे सगळ्यांत वाटायचे, यावर एकमत आहे. एसी डबे नकोत: बंद काच, त्यावर धूळ, आत आपलंच प्रतिबिंब.

आता परतीचा चढ. इंजिन कोणतं द्यायचं हे रेल्वे ठरवते, पण आकडेमोड माहीत असावी. 18 डबे, सरासरी 48 टन, म्हणजे 864 टन. 126 टनांचं एक डब्ल्यूडीजी-4 हे डिझेल इंजिन धरून 990. त्याला 37 ने भागलं की नुसत्या चढाचा विरोध 27 टनांच्या आसपास. चाकांचा आणि वळणांचा मिळून सहा टन धरले तर 33. हे इंजिन सलग सुमारे 40 टनांचा जोर लावू शकतं, त्यामुळे कागदावर एकटं पुरतं. पण ओल्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पाव हिश्शावर आली की 31.5 टनच हाती राहतात. चाकं जागच्या जागी फिरतात, वाळू सोडावी लागते, तरीही गाडी थांबू शकते. बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, जोडला की विरोध 37 टनांवर जातो, पण ओल्यातसुद्धा 63 टन मिळतात. बँकर मागे लावण्याचं आणखी एक कारण: डब्यांना जोडणारं कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे उताराला लागत नाहीत, आणि पुढच्या कपलिंगवरचा ताणही निम्म्यावर येतो.

याच बँकरमुळे वेळापत्रक मात्र अवघड होतं. कोळशाची भरलेली गाडी वर पोचवली की बँकर सुटे खाली येतात आणि एकेरी मार्गावर तेवढा वेळ खातात. सकाळी आपण उतरताना समोरून भरलेले रेक (मालगाड्या) चढत असतात, दुपारी आपण चढताना पुढे भरलेला रेक आणि समोरून सुटी इंजिनं. तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, तेव्हा एकेरी मार्ग धरूनच चाला. अर्जात नेमकी वेळ न मागता ‘सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान उतार’ असा पट्टा मागणार आहोत. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलला एका मिनिटावर अडलेली गाडी नको असते.

हंगाम ऑक्टोबरचा. जुलैत घाटातला दूधसागर धबधबा दणदणीत असतो, पण दरडीही तशाच. 23 जुलै 2021 ला दूधसागर–सोनावली दरम्यान दरडीमुळे मंगळूर–मुंबई गाडी घसरली होती. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच टापूत मालगाडी घसरली आणि मार्ग बंद पडला. ऑक्टोबरात पाणी उरलेलं असतं आणि ढग फाटतात. तरी पर्यायी तारीख अर्जाआधीच ठरवून ठेवायची.

धबधब्याशी उतरणं नाही. 310 मीटरचा दूधसागर खिडकीतूनच पाहायचा. रुळावर उतरलं तर रेल्वे कायद्याचं कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. साखळी ओढण्याचं कलम 141 त्याहून कडक, एक वर्षापर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी चढावर साखळी ओढणं म्हणजे ब्रेक पाइपमधला 5 किलोचा दाब घालवणं. तो पुन्हा भरेपर्यंत मागची गाडी अडते, आणि 37 मध्ये 1 चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवताना चालकाचा घाम निघतो. म्हणून घाटात प्रत्येक डब्याच्या चारही दारांशी आपला माणूस आणि दार बंद. सोळा डब्यांना 64 जण लागतात. त्यांना फोटो मिळणार नाहीत, तेव्हा उतरताना एक तुकडी आणि चढताना दुसरी, अशी विभागणी केली आहे.

दोन्ही तुकड्यांची नावं भरली की अर्ज टाकायचा. त्याआधी जेवणाचं ठरवायचं आहे: गाडी बेळगावला पहाटे सहाच्या सुमारास पोचते, आणि त्या वेळी 640 नाश्ते फलाटावर तयार ठेवणारा कंत्राटदार अजून सापडलेला नाही.