तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धी टाकी आणि पंप

“पेशीत हजारो प्रथिनं असतात. ती सगळी पाच-सहा समीकरणांत मावतात कशी?” मी पेशीविभाजनाच्या गणितावर काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. परवा आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या काकांनी विचारला, तोही गच्चीवर, टाकीपाशी उभं राहून.

मावत नाहीत, काका. सगळी मावायला नकोच असतात.

आपल्या टाकीला आधी एकच सेन्सर होता, आठवतं? पाणी खुणेखाली गेलं की पंप चालू, वर आलं की बंद. कुणी बादली भरली तरी पंप सुरू व्हायचा, लगेच थांबायचा, पुन्हा सुरू. शेवटी मोटर जळाली. मग दोन सेन्सर बसवले: खालच्या खुणेला चालू, वरच्या खुणेला बंद. आता टाकी अर्धी असेल तर पंप चालू की बंद? नुसत्या पातळीवरून सांगता येत नाही. पाणी चढतंय की उतरतंय, ते विचारावं लागतं.

पेशीतही सायक्लिन नावाचं प्रथिन साठत जातं आणि सीडीके-१ या एन्झाइमला विभाजनासाठी तयार करतं. हे एन्झाइम स्वतःला जागं करणाऱ्या प्रथिनाला बळ देतं, रोखणाऱ्याला गप्प करतं; म्हणून एकदा जागं झालं की जागंच राहू पाहतं. गणिती जीवशास्त्रज्ञ जॉन टायसन यांनी १९९१ साली हे चक्र सहा समीकरणांत मांडलं. १९९३ मध्ये बेला नोवाक आणि टायसन यांनी गणितावरून भाकीत केलं, की विभाजनात शिरायला जेवढं सायक्लिन लागतं त्याहून कमी तिथे टिकायला पुरतं. म्हणजे खुणा दोन! २००३ साली दोन गटांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात मधल्या प्रमाणात सायक्लिन ठेवून पाहिलं. आधी विभाजनाबाहेर असलेला अर्क बाहेरच राहिला, आत असलेला आतच. दहा वर्षं आधी कागदावर मांडलेलं अर्कात दिसलं, याचं मला आजही भरून येतं.

शेकडो समीकरणांची मॉडेलंही लागतात. पण त्यात इतके आकडे इकडेतिकडे करता येतात, की उत्तर चुकलं तरी चूक कुठे ते सापडत नाही. छोट्यात सापडते.

मात्र काय वगळायचं, तिथेच खरी कसोटी. टाकीचा रंग, पाइपची वळणं खुशाल सोडा. पण घराघरांतले नळ हिशेबातून वगळले, तर टाकी एकदा भरेल आणि पंप पुन्हा कधी लागणारच नाही. तसंच सायक्लिन तोडणारी यंत्रणा वगळली, की पेशी विभाजनात शिरते आणि तिथेच अडकून बसते.