बोलगेरीला जाताय? आधी जेवून घ्या

बोलगेरी म्हणजे इटलीतल्या टस्कनीचं लाल वाइनसाठी गाजलेलं गाव. ‘स्टेशनवरून चालत जाता येतं’ असं ज्याने मला सांगितलं, तो स्वतः नक्की गाडीने गेला असणार. पिसाहून लोकलने उतरायचं ते कास्तान्येतो-दोनोरातिकोला, आणि तिथून बोलगेरी दहा किलोमीटरच्या वर आहे. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी विचारा. आम्ही विचारलं नाही. सान ग्वीदोच्या चॅपलपाशी सोडायचे 40 युरो मोजले, आणि रागाच्या भरात ‘पुढचं चालत जाऊ’ म्हणालो.

पुढचं म्हणजे सायप्रस झाडांच्या दुतर्फा रांगांमधला सुमारे 5 किलोमीटरचा सरळसोट रस्ता. फोटोत सुंदर दिसतो. जुलैत दुपारी एक वाजता मात्र त्या झाडांची सावली छत्रीच्या दांड्याएवढी पडते, आणि शेजारून गाड्या सुसाट जातात. तिसऱ्या किलोमीटरला बायकोने माझ्याशी बोलणं थांबवलं. कवी कार्दुच्चीने या झाडांवर कविता केली आहे. कवितेत तो आगगाडीत बसलेला आहे, हे मला नंतर कळलं.

अशा अवस्थेत, रिकाम्या पोटी, आम्ही एका वायनरीच्या टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, शिरलो. माणशी 35 युरो. तीन ग्लास, प्रत्येकात दोन बोटं वाइन, सोबत कडक ब्रेडच्या काड्या. बाटल्या काउंटरवर उघड्याच, उन्हाळ्याच्या तापमानाला. पहिल्या घोटाला जीभ अशी ओढली गेली, जशी कच्चं जांभूळ चावल्यावर ओढते. नुसता तुरटपणा आणि घशात अल्कोहोलची आग. या वाइनचं एवढं कौतुक कशाला, हेच कळेना.

चूक वाइनची नव्हती. इथली लाल वाइन म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, कॅबर्ने फ्रां या द्राक्षांचं मिश्रण. कॅबर्नेने हाडं द्यायची, म्हणजे तुरट कणा; मर्लोने मांस, म्हणजे मऊपणा. अल्कोहोल बहुतेक वेळा 14 टक्क्यांच्या आसपास. ही तहान भागवायची वाइनच नव्हे.

संध्याकाळी दुकानातून साधी ‘बोलगेरी रोस्सो’ घेतली. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली, मग खोलीवरच्या पाण्याच्या काचेच्या जगमध्ये ओतून दीड तास तशीच सोडली. शेजारच्या खाणावळीतून रानडुकराचा रस्सा बांधून आणला. तोच तुरटपणा मांसाच्या घासावर एकदम मऊ झाला. आधी काळी द्राक्षं, मग देवदाराच्या लाकडासारखा वास. बायको बोलायला लागली.

तेव्हा: टेस्टिंग टाळलंत तरी चालेल. घेतलंत तर सकाळी, पोटभर खाऊन. वाइन 16 ते 18 अंशांना प्या. ‘सुपेरिओरे’ (वरचा दर्जा) लिहिलेली बाटली दोन वर्षं मुरवूनच बाजारात येते. ती ताजी असेल तर अजून काही वर्षं पडू द्या. सास्सिकाया या इथल्या सगळ्यात गाजलेल्या वाइनच्या मागे लागू नका. 1968 ची पहिली बाटली बाजारात आली तेव्हा ती कागदोपत्री साधी टेबल वाइन, म्हणजे खालच्या दर्जाची, होती, कारण इथल्या लाल वाइनला बोलगेरी या प्रदेशाच्या नावाचा अधिकृत शिक्का 1994 मध्ये मिळाला. आज तुम्ही पैसे बऱ्याच अंशी त्या नावाचे भरता.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर पडून होतो. छान होतं.

भारतात माणशी 2 लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. एक आम्ही घरी तांबड्या रश्श्याबरोबर उघडली आणि वाया घालवली. तिखट आणि टॅनिन (वाइनला तुरट करणारा घटक) एकमेकांना पेटवतात. दुसरी कमी तिखटाच्या मटणासाठी ठेवली आहे.